राब बघायला मालेला

मुळशीला माणसं धरण बघायला जातात, ताम्हिणीत भिजायला जातात, फार्महाउसवर चुलीवरचं मटण खायला जातात. आम्ही दोघी भर वैशाखात राब बघायला गेलो. हे सांगितल्यावर सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी "काय बघायला?" असं विचारलं आणि उरलेले नुसतं "बरं" म्हणाले. त्या "बरं"चा मला जास्त राग आला.

आम्ही दोघी म्हणजे मी आणि माझी शेजारीण कृपा. मी मूळची परभणीकडची, आता बावधनला राहते आणि पोटासाठी भाषांतरं करते. कथा-कादंबऱ्यांची नव्हे हो! मिक्सर कसा वापरावा, फवारणी करताना तोंडाला फडकं का बांधावं, असली. कृपा भावनगरची. पुण्यात येऊन तिचे केस पिकले, पण वाक्याच्या शेवटचं "ने" काही गेलं नाही.

सगळं सुरू झालं ते माझ्या तापापासून. होळीच्या सुमाराला मी आडवी पडले होते, तेव्हा कृपा स्टीलचा पेला घेऊन आली. "राब आहे. गरमगरम पिऊन टाक. बोलू नको." बाजरीचं पीठ तुपात परतून त्यात गूळ, सुंठ, ओवा घालून केलेली पातळ पेज. नाक उघडलं, डोकं हलकं झालं, पण शब्द डोक्यात अडकून बसला. कारण आमच्याकडं राब ही खायची-प्यायची गोष्टच नाही. आमच्याकडं माणूस राब राब राबतो आणि संध्याकाळी कंबर धरून बसतो, एवढंच.

त्याच आठवड्यात उसावरचं एक हिंदी पत्रक कामाला आलं. त्यात राब म्हणजे गूळ होण्याआधीचा दाट रस, आपल्या काकवीची सख्खी बहीण. त्यामागोमाग भातशेतीचं मराठी पत्रक आलं. त्यात राब म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी शेण, फांद्या, पाला अंथरून भाजलेला जमिनीचा तुकडा. मग मात्र माझं काही खरं राहिलं नाही. कृपाच्या उदयपूरच्या नणंदेला फोन लावला, तर ती म्हणाली, आमच्याकडं राब ताकात शिजवतात, मक्याची, खारट, आणि उन्हाळ्यात थंड करून पितात. म्हणजे एकीकडं गोड पितात, एकीकडं खारट पितात, एकीकडं उसाची काढतात आणि पुण्याच्या पश्चिमेला चक्क जाळतात!

कोश धुंडाळले. अरबीत रुब्ब म्हणजे फळांचा आटवलेला रस. तोच फारशीतून येऊन उसाला चिकटला, असं काही म्हणतात. काही म्हणतात छे, हा तर संस्कृत द्रव. विलायतेतही एके काळी औषधवाले असल्या घट्ट रसाला रॉब म्हणायचे. उर्दूतला राब्ता म्हणजे संबंध, तो आपल्याकडं येऊन राबता झाला आणि दारात वर्दळ करू लागला. सगळ्यांची काही ना काही कुळकथा निघाली. भाताच्या राबापाशी आलं की मात्र जो तो गप्प. एकानं तर सरळ प्रश्नचिन्ह टाकून हात झटकलेले. मला भाकरी करपलेली चालते, पण प्रश्नचिन्ह चालत नाही. ओळखीतून पौडच्या पुढं, माले गावात एका घरी खोली मिळाली. "राब कधी भाजणार?" असं फोनवर विचारलं, तर पलीकडून एक बाई म्हणाल्या, "भाजला तर ह्याच आठवड्यात. या तुमी." त्या "भाजला तर"चा अर्थ तिथं गेल्यावर कळला.

माले

पिरंगुटची कोंडी, पौडचा बाजार हे सगळं सांगण्यात अर्थ नाही. ज्यानं भोगलंय त्याला माहीत आहे. पौड मागं पडलं आणि डोंगर रस्त्याच्या जवळ आले. सगळं पिवळं, वाळलेलं, मध्येच एखादा आंबा काळाभोर हिरवा. आमच्या परभणीकडं उन्हाळ्यात नजर जाईल तिथवर सपाट काळी माती भेगाळून पडलेली असते. इथं नजर थोडी गेली की डोंगराला थडकून परत येते. मला पहिल्यांदा जरा कोंडल्यासारखंच झालं, खरं सांगते.

घर रस्त्यालगतच. पुढं जुनं कौलारू, मागं भाड्यानं द्यायला बांधलेल्या दोन स्लॅबच्या खोल्या. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत एक उंच म्हातारे गृहस्थ पाय लांब करून बसले होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. हे तात्या. ज्या बाई फोनवर बोलल्या त्या हिराबाई, तात्यांची बायको, आत चुलीपाशी होत्या. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, नखशिखान्त बघितलं आणि विचारलं, "राब बघाया कोन येतं का ओ? पिकनिकला आलाय म्हना की सरळ!"

मी शब्दाचं सगळं पुराण सांगितलं. तात्या लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "त्यात काय हुडकायचं? ह्याच्यात लई राबावं लागतं, म्हनून राब."

"तुमी कवा राबला?" आतून आवाज आला. "काडी वडायचं तेवडं काम तुमचं."

"आगं, पन काडी कुटनं वडायची ह्ये कळाय लागतं!"

कृपानं माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. आमचा मुक्काम चांगला जाणार हे तिथंच ठरलं.

जेवायला नाचणीची भाकरी, सुकट, कैरीची चटणी आणि शेवटी भात. तो भात वाढला तेव्हा ताटाला आंब्याच्या मोहराचा वास आला. मी ज्वारीच्या मुलखातली. आमच्याकडं भात म्हणजे पंगतीत शेवटी पोट भरायला घेतात तो. मी सवयीनं "थोडाच" म्हणाले आणि मग लाज सोडून तीनदा मागितला. वर नुसतं मीठ आणि तूप. कृपा म्हणाली, "मंगल, हा तर नुसता वास घेऊन खाल्ला तरी चालेल ने?" हिराबाई खूश झाल्या. "घरचा हाय. ह्याच खाचरातला. माजी सासू लावायची तेच बी."

खाचर म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत. घरासमोरच, रस्त्याच्या बाजूला. ते बघायला आम्ही बाहेर आलो तर मला काही उमजेना. कोरड्या शेतात ठिकठिकाणी लाकडी खुंट्या ठोकलेल्या आणि प्रत्येकीला लाल चकचकीत फीत बांधलेली. उन्हात छान दिसत होत्या, जत्रेत असतात तशा.

"ह्या कशाच्या?"

हिराबाईंनी तोंड फिरवलं. तात्या म्हणाले, "तंबूच्या."

एवढ्यात मोटरसायकल आली. हिराबाईंचा मुलगा संतोष, उरवड्याच्या एका कारखान्यात कामाला. बायको-पोरं सुट्टीत तिच्या माहेरी गेलेली. गाडीच्या मागच्या सीटवर चपट्या केलेल्या खोक्यांचा हा एवढा भारा बांधलेला. त्यानं तो उतरवला आणि म्हणाला, "आई, पाला कमी पडतोय म्हनलीस न्हवं? ह्ये घाल राबात. कोरडं ठनठनीत हाय."

हिराबाईंनी एक खोकं उचललं, उलटंपालटं केलं, त्यावरची चिकटपट्टी नखानं ओढून बघितली. "ह्याला सगळ्याला प्लास्टिक चिकटल्यालं हाय. जळल्यावर जाईल कुटं? भातात. आन भात कुटं? आपल्याच प्वाटात. न्हाई घालायचं राबात असलं काही."

"मंग पाला कुटनं आनतीस?"

घरामागच्या चढावर दरवर्षी पाला गोळा व्हायचा. ती जमीन भावकीनं विकली, आता तिथं कंपाउंड आणि कुलूप. गाई तात्यांच्या ऑपरेशनच्या वेळी देऊन टाकलेल्या. शेण शेजारनं मागून आणलेलं. फांद्या होत्या. वरचा पाला तेवढा निम्माच होता. संतोष खोकी घेऊन निमूट मागं गेला. आपण आणलेली वस्तू नको झाली की माणसाचं तोंड कसं होतं, तसं त्याचं झालं होतं.

उरवड्यावरून लवासा

दुसऱ्या दिवशी आमचा बेत लवासा बघायचा होता. कृपाला तळ्याकाठचे फोटो काढायचे होते. संतोषला कामावर उरवड्याला सोडायचं ठरलं, वाटेतच होतं ते. आणि ऐनवेळी हिराबाई चप्पल घालून गाडीपाशी येऊन उभ्या. "मी पन येते. ती लवासा बांधायला घेतली तवा लई गाजावाजा ऐकला हुता. बघू तरी काय झालंय ते."

गाडीत मी न राहवून संतोषला तंबूंचं विचारलं. मला असले प्रश्न पोटात ठेवता येत नाहीत. त्यानं आईकडं बघितलं. आई खिडकीबाहेर बघत होत्या.

"ताई, त्याचं असंय. हिचं वय झालं. लावणीला माणूस मिळत न्हाई, तात्यांचा गुडघा ह्यो असा. मी शिफ्टला. तंबूवाला म्हनतोय, खाचर द्या, सपाट करून घेतो, शनिवार-रविवार पुन्याची पोरं येत्यात. मी काय वाईट म्हनत नव्हतो."

"मग?"

"मंग ही म्हनली, यंदा राब मी करते. साधला तर भात. न्हाई साधला तर तुजे तंबू घाल, मी हूं की चूं करनार न्हाई. खुंट्या तर ठोकून गेलाय त्यो. ह्या आठवड्यात सांगायचंय त्याला."

"आन एकदा सपाट केलं का झालं," हिराबाई खिडकीकडंच बघत म्हणाल्या. "बांध गेला, पानी धरायचा न्हाई. बी पन संपलं मंग. बी काय डब्यात ठिवून टिकतंय व्हय वर्सानुवर्सं?"

मला दोघांचंही पटत होतं आणि म्हणून आणखी वाईट वाटत होतं. एक कुणीतरी चुकीचा असता तर मी भांडून मोकळी झाले असते.

संतोष उरवड्याला उतरला. पुढं रस्ता चढत गेला आणि लवासा आलं. काय सांगू! तळं सुंदर, घरं रंगीत, विलायती धाटणीची, आणि माणूस नाही. काही घरं पुरी, काही नुसते सांगाडे. एक आइस्क्रीमचं दुकान उघडं, त्यात एक मुलगा मोबाइल बघत बसलेला. कृपा म्हणाली, "लग्नाचा हॉल सजवलाय आणि वऱ्हाडच नाही आलं." तिनं फोटो काढले, मी आइस्क्रीम खाल्लं.

हिराबाईंचं मात्र ना तळ्याकडं लक्ष ना घरांकडं. त्या रस्त्याच्या कडेनं खाली बघत चालल्या होत्या. मग एका वळणावर थांबल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आगं बया!"

दोन्ही बाजूंनी झाडं लावलेली आणि त्यांचा पाला गटारीत, फूटपाथवर, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर गुडघागुडघा साठलेला. कोरडा, कुरकुरीत, कुणी न तुडवलेला.

"ताई, गाडीत जागा हाय न्हवं?"

कृपाची गाडी नवीन होती. सीटवरचं प्लास्टिक तिनं अजून काढलं नव्हतं. मी तिच्याकडं बघितलंच नाही, आकाशाकडं बघत राहिले. ती म्हणाली, "पोती कुठे मिळतील?"

खराटा घेऊन एक पहारेकरी येत होता. हिराबाईंनी त्याला गाठलं. "भैया, ये पाला हमकू मंगता. लेके जाऊ क्या?"

तो माणूस खराट्यावर टेकून हसला. "ले जाइए अम्मा, सब ले जाइए। झाड़ते-झाड़ते मेरी कमर गई।" त्यानं रिकामी पोती शोधून आणली आणि आमच्याबरोबर भरूही लागला. नाव रामलखन, गाव उत्तर प्रदेशात, गोंड्याकडं. राबासाठी पाला नेतोय म्हटल्यावर तो थबकला. मग तळव्यावर बोट फिरवून चाटल्याची खूण केली. "राब तो हमारे यहाँ गन्ने की होती है। चाचा के कोल्हू पर जाड़ों में रोटी के साथ खाते थे। कड़ाह के पास बैठो और धीरे-धीरे, धीरे-धीरे पकते देखो। आँच तेज़ हुई तो चाचा मारते थे।"

"आमच्यात बी," हिराबाई मराठीतच म्हणाल्या, "जाळ झाला का सासू मारायची." दोघांना एकमेकांचं किती समजलं देव जाणे, पण दोघंही मान हलवत हसले. हिराबाईंनी फडक्यात बांधून आणलेली करवंदं त्याच्या हातावर ओतली आणि आम्ही निघालो.

परतीच्या प्रवासाचं एकच सांगते. पाल्याबरोबर लाल मुंग्या आल्या होत्या. टेमघरच्या उतारावर पहिली कृपाला चावली, दुसरी मला, आणि मग मोजदादच राहिली नाही. कृपा गुजरातीत ओरडत होती, मी परभणीच्या भाषेत, आणि मागं पोत्यांच्या राशीत बसलेल्या हिराबाई शांतपणे सांगत होत्या, "हालू नका, हालल्याव चावत्यात." तीनदा गाडी थांबवून आम्ही रस्त्यावर उड्या मारल्या. एका टेम्पोवाल्यानं थांबून विचारलं, "रील काडताय का?"

राब

सकाळी कृपानं हिराबाईंच्या चुलीवर राब केली. बाजरी नव्हती, म्हणून नाचणीचं पीठ घेतलं. मंद आचेवर, सारखं ढवळत. तात्यांनी पेला तोंडाला लावला, थांबले, पुन्हा लावला. "ही व्हय तुमची राब? ग्वाड आंबीलच की ही!" पण पेला पुसून रिकामा केला आणि "अजून हाय का?" असं हळूच विचारलं. कृपाची राब ती, रामलखनची राब ती आणि हिराबाईंचा राब तेवढा तो. हे मी सांगितलं तर हिराबाई म्हणाल्या, "त्यो लई त्रास देतो, म्हनून त्यो." तात्यांनी काही ऐकू आल्याचं दाखवलं नाही.

मग काम. खाचराच्या एका कोपऱ्यात राबाची जागा. खाली शेणाचा थर, त्यावर फांद्या, त्यावर पाला. पाला पसरताना हिराबाई वाकल्या त्या दुपारपर्यंत सरळ झाल्या नाहीत. आम्ही दोघी पोती ओतत होतो. लवाशाचा पाला मालेच्या खाचरात पसरला आणि शेवटी सगळ्यावर मातीचा बारीक थर भुरभुरवला. ही माती कशाला, ते मला कळेना.

"झाकन," हिराबाई म्हणाल्या. "जाळ वर उडायला नको. खालची माती भाजाया पायजे. माती भाजली का तनाचं बी मरतं, मंग रोप कसं एकटं, निवांत वाढतं. वरवर भडकून गेलं तर नुसती राख. आन सगळं गवात माजतं."

म्हणजे साधणं ते हेच. हळू जळलं तर भात, भडकलं तर तंबू.

आमच्याकडं शेतात जाळ करायचा तर धसकटं गोळा करून काडी लावायची आणि बाजूला व्हायचं. इथं पेटवण्याची एक बाजू ठरलेली. वारा येतो तिकडून पेटवलं तर आग वाऱ्यावर बसून पळते. वारा जातो तिकडून पेटवलं तर तिला वाऱ्याशी भांडत एकेक वीत सरकावं लागतं. या दिवसांत वारा पश्चिमेकडून, धरणाकडून येतो, म्हणून काडी पूर्वेच्या अंगाला लावायची. तात्या सकाळपासून हेच सांगत होते. खुर्ची बांधावर आणून ठेवली होती आणि त्यांना आता कुणीच थांबवू शकत नव्हतं.

संतोष शिफ्ट करून आला तेव्हा ऊन कलतं होतं. तो बांधावर उभा राहून राबाकडं बघत होता, हात मागं बांधून. हिराबाईंनी काडेपेटी आणली. घरातली रीत अशी की राब रचायचा बाईनं आणि पेटवायचा घरच्या पुरुषानं. तात्यांना तर वाकता येईना.

हिराबाईंनी काडेपेटी मुलासमोर धरली. "तूच लाव."

"मी? न्हाई साधला तर मंग म्हनशील, पोरानं मुद्दाम केलं."

"न्हाई म्हननार."

त्यानं काडी लावली. पूर्वेच्या कडेला, वाकून, हाताचा आडोसा करून. आधी नुसता धूर. पांढरा, जाड, जमिनीला धरून. मग मातीच्या थराखालून एक लाल रेघ दिसू लागली आणि ती अगदी सावकाश पुढं सरकायला लागली. तात्या म्हणाले, "हां. असं." मला वाटलं, चला, झालं.

कसलं काय! अर्धा राब झाला असेल नसेल, वारा पडला. पानही हलेना. आणि मग पाठीमागून, डोंगराकडून, एक झुळूक आली. आग तीच, कडा तीच, पण वारा आता तिच्या पाठीशी होता. मातीच्या थरातून जीभ बाहेर आली, मग दुसरी. पाला चरचरायला लागला.

"माती!" हिराबाई ओरडल्या. "माती टाका वर!"

पुढं काय झालं ते नीट क्रमानं आठवत नाही. संतोष फावडं घेऊन आत घुसला. हिराबाई घमेल्यानं माती फेकत होत्या. मी ओंजळीनंच टाकत होते, निम्मी माझ्याच डोक्यावर. तात्या खुर्चीतून उठले, काठी टेकत बांधावर आले आणि काठीनं दाखवायला लागले, "हितं, संतोष, हितं! आरं, तितं उसळतुया!" आणि कृपा, माझी भावनगरची कृपा, हातात पाण्याची बादली घेऊन ओरडत होती, "गॅस मंद करा! गॅस मंद करा ने!"

हिराबाईंनी तशातही तिच्याकडं बघितलं. "पानी न्हाई वतायचं राबात! ठेव ती बादली!" आणि हसायला लागल्या. घमेलं हातात, डोळे धुरानं लाल, खोकत खोकत हसत होत्या.

वारा जसा आला तसाच पडला. थोड्या वेळानं पुन्हा धरणाकडून सुरू झाला, आणि जिभा एकेक करून मातीखाली गेल्या. लाल रेघ पुन्हा भांडायला लागली. संतोष फावड्यावर टेकून उभा होता. त्याचा कारखान्याचा निळा शर्ट कोपरापर्यंत काळा झालेला. दिवस मावळेपर्यंत तो तिथून हलला नाही. आईनं चहा आणला, तो त्यानं तिथंच उभ्यानं प्यायला. कुठं धूर जास्त दिसला की जाऊन माती लावून यायचा.

मी बांधावर बसले होते. कानात कृपाचं "गॅस मंद करा" घुमत होतं आणि रामलखनचं "धीरे-धीरे". वाटलं, शब्दांचं कूळ एक असो नसो, पण सगळ्या राबांचं दुखणं एकच दिसतंय. आच मोठी झाली की बिघडलं. आता ही काही व्युत्पत्ती नव्हे, हे मला चांगलं कळतं. कोशातलं ते प्रश्नचिन्ह जिथल्या तिथं आहे. पण त्या संध्याकाळी मला त्याचं काही वाटलं नाही. मला फक्त हिराबाईंचा राब साधायला हवा होता.

साधला का ते कळायला सकाळ व्हायची होती. मधला तुकडा, जिथं जाळ उसळला होता, तिथं खालची माती भाजली की वरवर गेली, हे उकरल्याशिवाय सांगता येत नव्हतं. आणि गरम असताना उकरायचं नसतं.

निघायच्या दिवशी

सकाळी बॅगा भरून बाहेर आलो तर सगळे खाचरात. राबाचा कोपरा काळा-करडा झालेला, पश्चिमेच्या टोकाला अजून थोडा धूर. हिराबाई मधल्या तुकड्यापाशी उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी राख बाजूला सारली, बोटं मातीत घातली आणि मूठ भरून वर काढली. तव्यावर भाजलेल्या पिठासारखी ती माती बोटांतून भुरुभुरु गळाली, तांबूस, हलकी. त्यांनी मूठ संतोषपुढं धरली. त्यानं माती हातात घेतली, चोळली, वास घेतला. तात्यांनी लांबूनच विचारलं, "काय?"

"भाजलीया," संतोष म्हणाला. "खालपातूर."

एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी होईल, हिराबाई रडतील, तात्या आरोळी ठोकतील. तात्या "मी म्हनलंच हुतं, पूर्वेकडनं" एवढं म्हणाले. हिराबाईंनी राखेचे हात पदराला पुसले. उघड आनंद झाला तो मलाच. राख चाचपून बघितलेल्या हातांनीच मी कृपाला मिठी मारली आणि तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर दोन काळे पंजे उठले.

संतोषनं फोन काढला. बांधाच्या पलीकडं जाऊन बोलला. शब्द ऐकू आले नाहीत, पण बोलणं फार लांबलं नाही. परत आला, फोन खिशात टाकला आणि खाचरातून चालत सुटला. पहिल्या खुंटीपाशी वाकला, हलवली, उपटली. मग दुसरी. सगळ्या उपटल्या आणि लाल फितींसकट त्यांची मोळी काखेत मारून राबाच्या त्या धुमसत्या टोकापाशी आला. आईकडं बघितलं. त्यानं मोळी आत टाकायला हात उचलला.

"थांब," हिराबाई म्हणाल्या.

तो थांबला. आम्हीही.

"आदी त्या फिती काड. प्लास्टिक न्हाई घालायचं राबात."

संतोष खाली बसला आणि एकेक गाठ सोडायला लागला.